‘आमना टाइमनी टीम’ : महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांच्या तुलनेची प्रस्तावना

खान्देशात महाविद्यालयाच्या जुन्या खेळाडूंचा मेळावा भरला की एक वाद हमखास रंगतो. ‘आमना टाइमनी टीम’ आताच्या पोरांना वीस गुणांनी हरवेल, असे कोणी तरी म्हणतो. आताचा कर्णधार शेजारीच असतो. तो वडीलधाऱ्यांचा मान राखून हसतो, पण मनातून त्याला ते मुळीच पटलेले नसते. हा वाद मिटत नाही आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही नसते. तरी त्याच्या पोटात अभ्यासाला पुरेल असा एक प्रश्न आहे. जे दोन संघ एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत आणि राहूही शकणार नाहीत, त्यांची तुलना करायची कशी? या प्रश्नाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. बास्केटबॉल खेळता यायला हवा, अशी अट नाही. गणिताची भीती असेल तर तीही बाजूला ठेवावी. इथे बेरीज आणि भागाकार यापलीकडे फारसे काही लागत नाही.

कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेटच्या आपल्या या मुलखात बास्केटबॉल का निवडावा, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ वर्गातल्या मुलांसाठीच रचला. शाळा-महाविद्यालयाशी असलेले त्याचे नाते जन्मापासूनचे आहे. आपल्याकडेही कबड्डीला गावाचे मंडळ आहे, कुस्तीला तालीम आहे. बास्केटबॉलचा बहुतेक संसार मात्र महाविद्यालयाच्या जिमखान्यात थाटला जातो. मुले पदवीच्या पहिल्या वर्षाला येतात, तीन वर्षे खेळतात आणि निघून जातात. बारा जणांचा संघ पाहता पाहता पूर्ण बदलतो, जर्सीवरचे नाव तेवढे तेच राहते. म्हणून महाविद्यालयीन संघाचा इतिहास हंगामाहंगामानेच लिहावा लागतो आणि दोन हंगामांची तुलना हे त्या इतिहासाचे पहिले साधन ठरते. हा इतिहास जळगाव-धुळ्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. नव्या अभ्यासकाला याहून मोकळे रान कुठे मिळणार?

ज्या देशात या वादावर सर्वांत जास्त शाई खर्च झाली, तिथून सुरुवात करू. अमेरिकेत प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने १९७१-७२ च्या हंगामात ३० पैकी ३० सामने जिंकले, तेही सरासरी ३० गुणांच्या फरकाने. बॉब नाइट यांचा इंडियाना संघ १९७५-७६ मध्ये ३२ सामने खेळला आणि एकही हरला नाही. त्यानंतर पुरुषांच्या सर्वोच्च गटात असा अपराजित विजेता तिथे झालेला नाही. केंटकीने २०११-१२ मध्ये विजेतेपद मिळवले, ते ३८ विजय आणि २ पराभवांसह. नुसते आकडे पाहिले तर केंटकी तिसरा. आता थोडे खोलात जा. राष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपदासाठी यूसीएलएला १९७२ मध्ये चार सामने जिंकावे लागले, इंडियानाला पाच आणि केंटकीला सहा. यूसीएलए आणि इंडियानाच्या काळात तिथे तीन गुणांची रेघ नव्हती, ठरावीक सेकंदांत फेक करण्याची सक्ती नव्हती आणि उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबायलाही बंदी होती. आणखी एक गंमत. केंटकीचा आधारस्तंभ अँथनी डेव्हिस प्रथम वर्षाचा विद्यार्थी होता आणि १९७२ पर्यंतच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळताच येत नव्हते. म्हणजे डेव्हिसला यूसीएलएच्या काळात नेले, तर त्याला बाकावरही जागा मिळाली नसती. ‘कोण जिंकले असते’ या प्रश्नाला आधी ‘कोणाच्या नियमांनी’ हा प्रतिप्रश्न विचारावा लागतो, तो यामुळे.

आपल्याकडे तर नियमांच्याही आधी विद्यापीठ बदललेले आहे आणि खान्देशाच्या तुलनेतली ही सर्वांत रंजक गोष्ट आहे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ ची. तेव्हा ती मुंबई विद्यापीठाकडे होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर खान्देश तिकडे गेला. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. आता वार्षिकांकात ‘आमचा संघ विद्यापीठ विजेता ठरला’ अशी ओळ दिसली, तर वाचकांनी आधी वर्ष पाहावे. १९८५ साली ते विजेतेपद मिळवायचे म्हणजे पुणे शहर, नगर आणि नाशिककडच्या महाविद्यालयांचे आव्हान मोडून काढायचे. १९९५ साली तेच शब्द जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरते होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि जिल्हे तीन झाले, मैदान तेवढेच राहिले.

यावरून १९९० नंतरची विजेतेपदे हलकी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. स्वतःचे विद्यापीठ मिळाल्यामुळे खान्देशाचा म्हणून एक विद्यापीठ संघ उभा राहिला. जळगाव, धुळे, एरंडोल, नंदुरबार अशा विभागांतून निवडलेली मुले एका शिबिरात एकत्र आली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत मुंबई-पुण्याच्याच नव्हे, तर गुजरात आणि राजस्थानच्या विद्यापीठांसमोरही उभी राहिली. राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवातही त्यांना आपल्या नावाची जर्सी मिळाली. पुण्याच्या संघात निवड होण्यासाठी ज्या मुलाला शंभर जणांशी झुंजावे लागले असते, त्याला इथे दार उघडे झाले. तेव्हा १९९० पूर्वीच्या संघाचे यश महाविद्यालयाच्या पायरीवर तोलावे आणि नंतरच्या संघाचे तोलताना त्यातले किती खेळाडू विद्यापीठाचे कलर होल्डर झाले, म्हणजे विद्यापीठ संघातून खेळले, आणि तिथे कसे खेळले, हेही पाहावे. कोरडवाहू आणि बागायती कपाशीचा उतारा एकाच मापाने मोजून शेतकऱ्याची हुशारी ठरवत नाहीत, तसेच हे आहे.

आता नियम. इथे वाचकांनी तीन वर्षे लक्षात ठेवली तरी पुरे : १९८४, २००० आणि २०१०. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत ६.२५ मीटरवर तीन गुणांची रेघ आली. २००० मध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन अर्ध जाऊन दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले. फेक करण्याची मुदत ३० सेकंदांवरून २४ वर आली आणि चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे नेण्याची मुदत १० वरून ८ वर. खेळ एकदम धावता झाला. २०१० मध्ये तीन गुणांची रेघ ६.७५ मीटरवर सरकली आणि बास्केटखालचा रंगवलेला पट्टा, जो तळाशी रुंद आणि वर निमुळता होता, तो सरळ आयताकृती झाला. त्या निमुळत्या पट्ट्यामुळे उंच खेळाडूला रिंगपासून दूर उभे राहावे लागे. आयत आल्यावर तो तळरेषेजवळून आत सरकू शकला. महिला संघांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक वर्ष आणखी जोडावे. २००४ नंतर महिलांसाठी ६ क्रमांकाचा लहान आणि हलका चेंडू आला, त्यामुळे त्याआधीच्या मुलींनी पुरुषांच्याच आकाराच्या चेंडूने टाकलेले गुण आणि नंतरचे गुण शेजारी मांडताना जरा थांबावे.

नियम मंजूर होण्याची तारीख आणि आपल्या मैदानावर रंगाचा ब्रश फिरण्याची तारीख एकच असते, असे मात्र समजू नका. जुनी रेघ पुसून नवी कोणत्या दिवाळीत मारली गेली, हे तिथल्या क्रीडा संचालकांनाच ठाऊक असते. चोवीस सेकंदांचे यंत्र टेबलावर होते की कोणी स्टॉपवॉच हातात घेऊन मोजत होते, सामना पूर्ण चाळीस मिनिटांचा झाला की वेळेअभावी छोटा केला, हेही विचारून घ्यावे. या लहान चौकशा ज्याने केल्या नाहीत, त्याच्या मोठ्या निष्कर्षावर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

मैदानाचा प्रश्नही इथलाच आहे. पाठ्यपुस्तकातला बास्केटबॉल छताखाली, लाकडी तळावर खेळला जातो. खान्देशातला बराचसा उघड्या सिमेंटच्या मैदानावर वाढला. भुसावळ-जळगावचा उन्हाळा पारा ४५ अंशांपलीकडे नेतो, त्यामुळे सुट्टीतला सराव पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. सिमेंटवर पडण्याची भीती असल्याने चेंडूमागे झेप घेणारा खेळाडू कमी आणि लांबून फेकलेल्या चेंडूला वाऱ्याचाही हिशेब. प्रवासाचेही तसेच. धुळे ते जळगाव हे अंतर साधारण नव्वद किलोमीटर, एसटीने. नंदुरबारच्या संघाला ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेमार्गाने दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव मागे टाकत जळगाव गाठता येते. सकाळच्या गाडीने येऊन दुपारी खेळलेला संघ आणि स्वतःच्या मैदानावर ताजातवाना उतरलेला यजमान संघ यांच्या गुणफरकातले काही गुण प्रवासाच्या खात्यावर टाकायला हवेत. किती, ते मोजायला कोणीतरी बसले पाहिजे. हा एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी चांगला प्रबंधविषय आहे.

आणि आता पुराव्याकडे येऊ. या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे कागदपत्र म्हणजे सामन्याची स्कोअरशीट. ती वाचता आली की जुना सामना समोर उलगडू लागतो. डाव्या बाजूला दोन्ही संघांची नावे, खेळाडूंचे क्रमांक, प्रत्येकाच्या फाउलच्या खुणा. उजवीकडे चढते आकडे छापलेले असतात आणि प्रत्येक बास्केटबरोबर टेबलावरचा लेखनिक पुढचा आकडा खोडत जातो. शेजारी ज्याने बास्केट केली त्याचा क्रमांक. दोन गुणांची तिरपी रेघ, फ्री थ्रोचा भरीव ठिपका, तीन गुणांची फेक असेल तर क्रमांकाभोवती वर्तुळ. सुरुवातीला उतरलेल्या पाच जणांच्या फुलीभोवतीही वर्तुळ असते. चार क्वार्टरच्या पद्धतीत पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरची नोंद लाल शाईने आणि दुसऱ्या-चौथ्याची निळ्या किंवा काळ्या शाईने होते. तेव्हा अशी स्कोअरशीट हाती लागली तर काळी-पांढरी झेरॉक्स काढून समाधान मानू नका. रंग गेला की क्वार्टरची ओळख निम्मी पुसली जाते. मोबाइलवर रंगीत फोटो घ्या.

स्कोअरशीट काय सांगत नाही, हेही माहीत असावे. हुकलेली फेक तिथे नाही, रिबाउंड नाही, हातून निसटलेला चेंडू नाही. डीन ऑलिव्हर यांच्या २००४ मधल्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकापासून विश्लेषक संघाला चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला ते काढतात आणि शंभर ताब्यांमागे किती गुण झाले ते पाहतात. पद्धत उत्तम आहे, पण त्यासाठी लागणाऱ्या नोंदी आपल्या जुन्या सामन्यांच्या मिळणार नाहीत. मग हात टेकायचे का? नाही. बास्केटबॉलचा एक स्वभाव आपल्या मदतीला येतो. एका संघाचा ताबा संपला की चेंडू दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे एका सामन्यात दोन्ही संघांना ताबा जवळजवळ सारख्याच वेळा मिळतो, मग खेळ संथ असो की धावता. म्हणून सामन्यातल्या एकूण गुणांपैकी आपल्या संघाचा वाटा किती, एवढे काढले तरी वेगाचा फरक बराचसा निघून जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १९९८ च्या संघाने अंतिम सामना ६२-४८ असा जिंकला आणि २०१८ च्या संघाने ८१-७०. आताच्या पोरांनी १९ गुण जास्त केले, असा पंगतीतला निकाल लागेल. पण पहिल्या सामन्यात एकूण ११० गुण झाले आणि विजेत्यांचा वाटा ५६.४ टक्के होता. दुसऱ्यात १५१ पैकी ८१, म्हणजे ५३.६ टक्के. जुना संघ कमी गुण करूनही आपल्या प्रतिस्पर्ध्याला जास्त मागे टाकून गेला. हीच आकडेमोड एका सामन्याऐवजी हंगामातल्या सगळ्या उपलब्ध सामन्यांवर करावी. अंतिम सामना आठवणीत राहतो म्हणून तोच पुरावा मानणे ही या क्षेत्रातली सर्वांत सार्वत्रिक खोड आहे.

इथे जुन्या पिढीने टाळ्या वाजवण्याआधी एक आक्षेप ऐकून घ्यावा. खेळ जसजसा पसरतो, तसतसे तळाचे संघही सुधारतात आणि वरच्या-खालच्यातले अंतर कमी होते. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गोल्ड यांनी अमेरिकी बेसबॉलच्या फलंदाजीबाबत हा मुद्दा मांडला होता : असामान्य सरासरीचे फलंदाज दिसेनासे झाले, ते फलंदाजी घसरली म्हणून नव्हे, तर सगळ्यांचाच दर्जा सरासरीच्या जवळ आला म्हणून. ज्या काळात मोजक्याच महाविद्यालयांकडे धड मैदान होते, त्या काळच्या विजेत्याला ५६ टक्के वाटा मिळवणे सोपे गेले असेल. म्हणून आपल्या संघाचा वाटा काढल्यावर त्या हंगामातल्या इतर संघांचे वाटे किती पसरलेले होते, तेही पाहावे लागते. चार संघ ५५ च्या आसपास असतील तर ५६ म्हणजे थोडीशीच आघाडी. बाकी सगळे ५१ च्या खाली असतील तर मात्र तो संघ खरोखर एकटा उंच होता. दोन काळांची तुलना करायची ती या उंचीची.

कागद संपतात तिथे माणसे कामाला येतात. ज्या क्रीडा संचालकांनी पंचवीस-तीस वर्षे एकाच महाविद्यालयात काढली, त्यांनी दोन्ही संघ डोळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांच्याकडे जा, पण ‘कोणता संघ भारी?’ असे विचारू नका. उत्तर त्यांच्या आवडत्या विद्यार्थ्यावर अवलंबून राहील. झोन डिफेन्स कधीपासून लावायला लागलात, फास्ट ब्रेकला पहिला पास कोण द्यायचा, मुले कोणत्या शाळेतून खेळत आली होती, असे नेमके प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण अकरावी-बारावीची मुले विद्यापीठाच्या नव्हे, तर जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत खेळतात आणि पदवीच्या संघाची ताकद बहुधा तिथेच ठरलेली असते. दुसरा दुवा म्हणजे दोन्ही हंगामांना स्पर्श करणारे खेळाडू. १९९८ मध्ये प्रथम वर्षात असलेला मुलगा २००० मध्ये तृतीय वर्षात असतो. तो नव्यांबरोबर खेळतो, ते नवे पुढच्यांबरोबर. अशी साखळी जोडत गेले की वीस वर्षांचे अंतर हळूहळू ओलांडता येते. या साखळीत एक तुटलेली कडी मात्र सर्वांना सांभाळून घ्यावी लागेल. २०२०-२१ मध्ये करोनामुळे महाविद्यालयेच बंद होती आणि त्या तुकडीचा एक अख्खा हंगाम गेला. त्यानंतरच्या पहिल्या संघांना ज्येष्ठांकडून शिकण्याची संधी फार थोडी मिळाली, हे त्यांचा हिशेब मांडताना विसरता कामा नये.

अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यास करणाऱ्यांना एक सूचना. यातली काही महाविद्यालये अलीकडे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली आहेत. एखादा बलवान संघ जळगावच्या विद्यापीठाच्या यादीतून अचानक नाहीसा झालेला दिसला, तर तो कमजोर झाला असे लिहिण्यापूर्वी त्याची संलग्नता तपासा.

एवढे सगळे केल्यावर ‘कोण जिंकले असते’ याचे उत्तर मिळेल का? माझ्या मते नाही आणि त्याची खंत बाळगू नये. तो प्रश्न पंगतीसाठी राहू द्यावा. अभ्यासाने विचारावा तो प्रश्न वेगळा आहे : कोणत्या संघाने आपल्याला मिळालेल्या नियमांत, मैदानात आणि प्रतिस्पर्ध्यांत आपल्या काळाच्या जास्त वर जाऊन दाखवले? याचे उत्तर काढता येते, दुसऱ्याला तपासता येते आणि चुकले तर सुधारता येते.

त्यासाठी आधी कागद टिकले पाहिजेत. स्कोअरशीट, वार्षिकांक आणि निवड समितीच्या याद्या जिमखान्याच्या कपाटात असतात आणि कपाट हलवले, खोली बदलली किंवा क्रीडा संचालक निवृत्त झाले की रद्दीत जातात. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या वाचकांना म्हणून विनंती आहे की, तुम्ही ज्या महाविद्यालयात शिकलात किंवा शिकवता, तिथल्या जिमखान्यात एकदा जाऊन या. जुन्या संघाचा फोटो सापडला तर मागच्या बाजूला बारा जणांची नावे, तारीख आणि स्पर्धेचे ठिकाण पेन्सिलीने लिहा. स्कोअरशीट सापडली तर तिचा रंगीत फोटो काढून एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या आणि एक विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे पाठवा.